शेजारच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. पण थांबा, तुमच्या डोळ्यांसमोर आला तो मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ. तो गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो आणि सगळी दुनिया त्याला ओळखते. मी शेजारच्या सीटसमोरचा. ज्या गाडीच्या छपरावर शिकवणीची पाटी असते, जिला पाहून मागून येणारे लोक कपाळाला आठ्या घालतात, त्या गाडीतच मी सापडतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की शेजारी बसलेला शिकवणारा मला दाबतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. कौतुक मात्र कुणी करत नाही.

आम्हा भावांना एका लोखंडी सळईनं जोडलेलं. मला दाबलं की थोरलाही खाली जातो. त्याला दाबलं तर मी ढिम्म हलत नाही. धाकट्यानं हाक मारायची आणि थोरल्यानं धावायचं, एवढंच आमचं नातं.

मला घडवलं एका मिस्त्रीनं. भंगारातल्या ट्रकचं पायडल कापलं, घासलं, त्यावर नवं रबर चढवलं आणि एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसवलं. गाडीचे मालक शेजारी उभे राहून बघत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी सीटवर बसून उजव्या पायानं मला दोनतीनदा चाचपलं. जरा कडक झालाय, असं मिस्त्री म्हणाला. मास्तर म्हणाले, कडकच बरा, नुसता पाय ठेवला म्हणून लागायला नको. त्या दिवसापासून सतरा वर्षं तो पाय आणि मी रोज बरोबर होतो.

मी असतो खाली, अंधारात. त्यामुळे माणसांचे चेहरे मला कधी दिसले नाहीत. मी पाय बघितले आणि वरून येणारं बोलणं ऐकलं. तुम्ही म्हणाल, पायावरून काय डोंबल कळणार? अहो, सगळं कळतं. 'छे, मी नाही घाबरत' असं तोंडानं म्हणणाऱ्या माणसाची टाच तिकडे थडथड उडत असते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्याचं बरं चाललंय तो माणूस चाळिशीनंतर गाडी शिकायला येत नाही. काहीतरी बदललेलं असतं. एक गृहस्थ साठीला आलेले. आयुष्यभर गाडी बायको चालवायची, ती गेली म्हणून आले होते. एक बाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलाला शाळेत सोडायला आता कुणी नव्हतं. एकाचा कारखाना बंद पडलेला. ही माणसं क्लचला घाबरत नव्हती. पुढे काय होणार, याला घाबरत होती, आणि ती सगळी भीती बिचाऱ्या क्लचवर निघायची.

मास्तरांना हे माझ्याइतकंच कळायचं. ते कधी ओरडायचे नाहीत. त्यांची एक खोड होती, चांगली म्हणा की वाईट म्हणा. शिकणाऱ्यानं ब्रेक दाबायला उशीर केला की ते हळूच, आवाज न करता मला दाबायचे. गाडी थांबायची. मग मास्तर म्हणायचे, "छान थांबवलीत." समोरच्याला वाटायचं, आपणच थांबवली. दुसऱ्या दिवशी तो जरा सरळ बसायचा. असं करता करता मला दाबणं कमी कमी होत जायचं आणि एक दिवस तो माणूस खरंच स्वतः थांबवायचा. मास्तर खोटं बोलायचे खरे, पण त्या खोट्याच्या आधारानं शेकडो माणसं शिकून गेली.

आणि या सगळ्यात एक माणूस तेवढं राहिलं होतं. मास्तरांची बायको.

बाई शिकवणीचं ऑफिस सांभाळायच्या. फॉर्म भरायच्या, वेळा लावायच्या, फोनवर सगळ्यांना 'भिऊ नका हो, आठ दिवसांत जमेल' म्हणून धीर द्यायच्या. स्वतः मात्र गाडी चालवायच्या नाहीत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मिस्त्री नेहमी त्यांना चिडवायचा, 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.' बाई हसायच्या आणि विषय बदलायच्या.

त्यामागे एक गोष्ट होती, माझ्या जन्माच्या आधीची. लग्न नवं असताना मास्तर त्यांना गाडी शिकवायला घेऊन गेले होते. एका चौकात गाडी बंद पडली. बाईंना ती पुन्हा सुरू करता येईना. मागून हॉर्न सुरू झाले आणि मास्तर, जे परक्या माणसावर कधी आवाज चढवत नाहीत, ते बायकोवर खेकसले, "ऊठ, राहू दे. तुझं काम नाही." आणि भर चौकात दोघांनी जागा बदलल्या. त्यानंतर बाई त्या बाजूला कधी बसल्या नाहीत. मास्तरांनीही पुन्हा विचारलं नाही.

सोळा वर्षं अशी गेली. सतराव्या वर्षी मास्तरांचा पाय बदलला.

हे सगळ्यांत आधी मला कळलं. मास्तरांनाही नंतर कळलं असेल. पाय माझ्यावर यायचा, पण एक क्षण उशिरा. कधी घसरून बाजूला जायचा. ज्या पायाला मी झोपेतही ओळखलं असतं, तो मला अनोळखी वाटायला लागला. मी काय करणार? ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

त्या दिवसांत एक नर्सबाई शिकायला येत होत्या. पांढरे कापडी बूट, नीट बांधलेल्या नाड्या. चौथ्याच दिवशी एका वळणावर त्यांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. असं शंभरदा झालेलं, मास्तरांनी शंभरदा सावरलेलं. या वेळी त्यांचा पाय माझ्यापर्यंत पोचलाच नाही. गाडी एका घराच्या फाटकावर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही, फाटक वाकलं. नर्सबाई ढसाढसा रडल्या. 'माझंच चुकलं, मला हे जमणारच नाही' म्हणत राहिल्या. मास्तर गप्प बसले. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मला मास्तरांचा एवढा राग कधी आला नव्हता.

आठवड्यानं मास्तर एकटेच रिक्षानं डॉक्टरकडे जाऊन आले. ऑफिसच्या खिडकीखाली गाडी उभी होती, घरात न जाता तिच्यातच येऊन बसले आणि फोन लावला. म्हणाले, "नर्सबाई, तुमचं चुकलं नव्हतं. तुम्ही शिकाऊ, तुम्ही चुकणारच. थांबवणं माझं काम होतं. माझ्या पायाच्या नसा निकामी होत चालल्यात. मला महिनाभर संशय होता आणि तरी मी शिकवत राहिलो. तुम्ही रडत होतात तेव्हा मी सांगायला हवं होतं."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मास्तरांनी मान वळवली असणार, कारण त्यांचे पाय एकदम आखडले. गाडीच्या खिडकीबाहेर बाई उभ्या होत्या. सही घ्यायला फॉर्म घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मास्तरांनी सांगितलं. उजवा पाय गेल्यातच जमा. डावा अजून चांगला आहे, पण तोही जाणार, चार महिने, फार तर सहा. मग हात. यावर औषध नाही. दर आठवड्याला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागणार, गाडीनं तासाभराची वाट. परगावी असलेल्या मुलीला आज सांगू नकोस, असंही म्हणाले.

बाईंनी हातातल्या फॉर्मची घडी घातली. मग म्हणाल्या, "डावा पाय आहे तोवर मला शिकवा."

नर्सबाई काही परत आल्या नाहीत. त्याचं मास्तरांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. बाकीच्या शिकणाऱ्यांना त्यांनी ओळखीच्या दुसऱ्या शिकवणीत पाठवलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला एकच विद्यार्थी उरला.

काय सांगू त्या विद्यार्थ्याची तऱ्हा! शिकवणीला निघण्याआधी बाई तीनदा बाथरूमला जायच्या. गाडीत बसल्या की उजवं-डावं विसरायच्या. हाताला एवढा घाम यायचा की मास्तरांनी गुडघ्यावर एक टॉवेल ठेवायला सांगितलं. गाडी सुरू करायच्या आधी, गिअर बदलताना, वळताना, दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "अहो, पाय ब्रेकवर आहे ना?"

"आहे गं," मास्तर म्हणायचे. आणि असायचा. आता डावा पाय माझ्यावर होता. त्याला सवय नव्हती, पण जोर होता. चुकलं की मास्तर हळूच दाबायचे आणि म्हणायचे, छान थांबवलीस.

तिसऱ्या आठवड्यात गाडी चौकात बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. बाईंचे दोन्ही पाय थिजले, मी बघत होतो. मग त्या घाईघाईनं पट्टा काढायला लागल्या. "तुम्ही या इकडे. माझं काम नाही हे. तुम्ही घ्या गाडी."

मास्तर म्हणाले, "मला उतरता येत नाही गं."

बाई थांबल्या.

"गाडीला वळसा घालून येईपर्यंत मी चौकात पडेन. तूच घ्यायची आहेस. पण आत्ता नको. आधी घाबरून घे. गाडी बंद आहे, ती कुठं पळून जात नाही. वाजवू देत हॉर्न, दमतील."

"पाय थरथरतायत माझे."

"थरथरू देत. थरथरणाऱ्या पायानंही क्लच दाबता येतो."

मास्तरांनी हात लांब करून चारही दिवे लुकलुकते लावले. हॉर्न वाजत राहिले. एकजण शेजारून जाताना काहीतरी वंगाळ बोलून गेला. बाईंनी लांब श्वास घेतले, मी मोजले, अकरा. मग क्लच दाबला. पाय थरथरतच होता. किल्ली फिरवली. गाडीनं एक गचका खाल्ला आणि आम्ही चौक ओलांडला. मला कुणी दाबलं नव्हतं.

पुढे एका झाडाखाली गाडी उभी केल्यावर मास्तर म्हणाले, की मागे त्या वेळी मी तुला 'ऊठ' म्हणायला नको होतं. बाई म्हणाल्या, जाऊ दे, सत्तावीस वर्षं झाली त्याला. "तेच म्हणतोय," मास्तर म्हणाले, "सत्तावीस वर्षं तुला चालवता आली असती."

बाई सुधारत गेल्या. भीती गेली असं मी म्हणणार नाही, कारण पाय खोटं बोलत नाहीत. टाच थडथडायची ती थडथडायचीच. पण आता ती थडथडत असतानाच गिअर पडायचा, आरसा बघितला जायचा, गाडी वळायची. तिकडे बाई पुढे जात होत्या आणि इकडे डावा पाय मागे पडत होता. आधी जोर गेला. मग तो माझ्यावर नुसता टेकून राहायला लागला. आणि एका सोमवारी मास्तरांनी तो हातानं उचलून माझ्यावर ठेवला, तो घसरून खाली पडला, आणि पुन्हा त्यांनी उचलला नाही.

मी घाबरलो. खरंच सांगतो, त्या शिकणाऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलो. बाईंनी विचारलं, "पाय ब्रेकवर आहे ना?" मास्तर म्हणाले, "आहे गं." पाय माझ्या शेजारी पायपुसण्यावर पडलेला होता. आता भर रस्त्यात काही झालं तर? आठ दिवस मी जीव मुठीत धरून काढले. म्हणजे मला मूठ नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

आठव्या दिवशी बाईंनी तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"पाय ब्रेकवर आहे ना?"

"आहे गं."

"नाहीये." बाईंचा आवाज शांत होता. "तुम्ही तुमचा ब्रेक दाबलात की माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जातो. पहिल्या दिवसापासून जातो. तुम्ही म्हणता छान थांबवलीस, आणि मला माहीत असतं कुणी थांबवली ते. गेल्या सोमवारपासून तो एकदाही आपोआप खाली गेलेला नाही."

मास्तर म्हणाले, "आणि तरी आठ दिवस तू चालवतेस?"

"मग काय करू? बोलले असते तर तुम्ही शिकवणं थांबवलं असतं."

"रोज विचारतेस की मग, पाय आहे का म्हणून."

"तुम्ही 'आहे' म्हणता ना, मला तेवढं पुरतं."

मास्तर रडले. सतरा वर्षांत मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यांचा पडलेला पाय उचलला आणि सरळ करून ठेवला. माझ्यावर नव्हे, पायपुसण्यावर, जरा आरामात. मग गाडी सुरू केली आणि आम्ही घरी आलो.

परीक्षेला एक साहेब माझ्यासमोर बसले. त्यांचे चकचकीत बूट माझ्यावर अधांतरी. पहिल्या वेळी रिव्हर्स घेताना बाईंनी खांबाला गाडी लावली आणि नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास झाल्या. मास्तर फाटकापाशी चाकांच्या खुर्चीत वाट बघत होते. त्यांनी काही मोठं कौतुक केलं नाही. आरशात जरा कमी बघतेस, एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही हॉस्पिटलात जायचो. मास्तर शेजारी बसायचे. समोर सायकल आली, कुत्रं आलं, की त्यांची मांडी किंचित ताठ व्हायची. दाबायला बघायचे. ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही. मी मनात म्हणायचो, पोचलं मास्तर, पोचलं. बाई तोवर थांबलेल्या असायच्या.

पुढे त्यांना बसवेना, तेव्हा मागच्या सीटवर उशा लावून निजवायला लागले. माझ्यासमोर औषधांची पिशवी यायला लागली.

आणि एका गुरुवारी हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत.

त्या दुपारी बाई मास्तरांशिवाय गाडीपाशी आल्या. सोबत कुणीतरी होतं, बहुधा दीर. गाडी इथेच राहू द्या, मी टॅक्सी बोलावतो, असं म्हणत होते. मुलगी संध्याकाळपर्यंत पोचणार होती. बाई म्हणाल्या, तुम्ही पुढे व्हा, मी येते. मग दार लागलं. बाईंनी गाडी याआधी एकटीनं कधीच चालवली नव्हती. परीक्षा सोडली तर शेजारी नाहीतर मागे, मास्तर असायचेच. बोलले नाहीत तरी त्यांचा श्वास ऐकू यायचा.

त्या तासभर तशाच बसून होत्या. चपला काढलेल्या, पाय एकमेकांवर दाबलेले. मध्येच रडू यायचं, मध्येच थांबायचं. मला वाटलं, आता या उतरणार आणि टॅक्सीनं जाणार, आणि त्यात काही चूक नव्हती. मग त्यांनी चपला घातल्या. टाच थडथडत होती. क्लच खाली गेला. ती घरापर्यंतची तासाभराची वाट मी शब्दांत सांगू शकत नाही. तीनदा गाडी बाजूला घेतली, तीनदा पुन्हा सुरू केली. पण घर आलं.

महिन्याभरानं बाईंनी गाडी मिस्त्रीकडे आणली. शिकवणी बंद केली होती, छपरावरची पाटी उतरवायची होती. दुसरा ब्रेकही काढायचा ना, असं मिस्त्रीनं विचारलं. राहू दे म्हणतील असं मला वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "काढा. तो आहे तोवर माझी नजर सारखी त्या बाजूला जाते."

मिस्त्रीनं सळई सोडवली. थोरल्याला मी नीट निरोपही देऊ शकलो नाही. मला बाहेर उजेडात आणलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मी बाईंचा चेहरा बघितला. मला वाटलं होतं त्याहून त्या लहान दिसत होत्या आणि फार दमलेल्या. आठवण म्हणून घरी नेता का, असं मिस्त्रीनं विचारलं. त्या म्हणाल्या, नको, कुणाच्या तरी गाडीला लावा, शिकणाऱ्याला लागेल. असं म्हणून त्यांनी अंगठ्यानं माझ्या रबरावरची धूळ पुसली.

तेव्हापासून मी मिस्त्रीच्या फळीवर आहे. अजून कुणी आलेलं नाही. गंज चढायला लागलाय. येईल कुणीतरी, नाहीतर पुन्हा भंगारात जाईन.

तुम्हाला मात्र एक सांगतो. तुमच्या शेजारी बसून कुणीतरी काहीतरी नवं शिकत असेल, नवी नोकरी, नवं घर, एखाद्या माणसाशिवाय राहणं. त्याचे पाय थरथरतील. थरथरू द्या. तुमचा पाय तेवढा ब्रेकवर असू द्या, पण दाबायची घाई करू नका. आणि 'ऊठ, राहू दे' असं कधी म्हणू नका.

त्या दिवशी बाईंनी गाडी सुरू केली आणि मिस्त्रीच्या फाटकातून बाहेर नेली. फळीवरून रस्ता दिसत नाही. पुढे मोठं वळण आहे, तिथे सगळे करकचून ब्रेक मारतात. मी कान देऊन ऐकत राहिलो. काही आवाज आला नाही. गाडी वळली आणि गेली, माझ्याशिवाय. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईट वाटलं.